जुनं दुखणं आणि गावातला गट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महिनोन्‌महिने दुखणं अंगावर घेऊन जगणाऱ्या माणसांनी गावातच एकत्र बसावं, एकमेकांकडून शिकावं आणि दुखणं असतानाही आपलं जगणं आपल्या हातात ठेवावं, यासाठी हे गट असतात. बैठकीत, आशाताईंकडून आणि घरच्या लोकांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे घेतले आहेत. कामाच्या वेगाबद्दलचं उत्तर सगळ्यात लांब आहे. विदर्भातल्या शेतमजूर बाईचा खरा प्रश्न तोच आहे, असं आमचं मत आहे.

हा गट म्हणजे नक्की काय?

एकाच गावातली किंवा आजूबाजूच्या दोन-तीन गावांतली दहा-बारा माणसं आठवड्यातून एकदा भेटतात. हे साधारण सहा आठवडे चालतं. अशा गटांची सुरुवात अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात केट लॉरिग यांनी संधिवाताच्या रुग्णांसाठी केली, १९७० च्या दशकाच्या शेवटी. पुढे १९९० च्या दशकात कॅनडात सँड्रा लेफोर्ट यांनी ती पद्धत खास जुन्या दुखण्यासाठी बांधली. त्यातली आम्हाला सगळ्यात मोलाची वाटणारी गोष्ट अशी की गट चालवणाऱ्या दोघांपैकी निदान एक जण स्वतः असं दुखणं सोसणारा असतो. ‘तुम्हाला काय कळणार?’ हा प्रश्न तिथेच संपतो.

मूळ पद्धतीत एक बैठक अडीच तासांची असते. आपल्याकडे सायंकाळी भाकरी थापायची असते, गायी-ढोरं घरी येतात. म्हणून दीड तासाच्या दोन बैठका घेतल्या तरी चालतात.

किती दिवस दुखलं की त्याला जुनाट म्हणायचं?

तीन महिन्यांहून जास्त काळ राहिलेलं, किंवा जाऊन पुन्हा पुन्हा येणारं दुखणं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या नव्या यादीत, जी २०२२ पासून लागू झाली, जुनाट दुखण्याला स्वतःची वेगळी जागा दिलेली आहे. म्हणजे ते नेहमी दुसऱ्या एखाद्या आजाराचं लक्षणच असतं असं नाही. कधीकधी दुखणं हाच आजार होऊन बसतो.

हे कसं होतं? पाय मुरगळला, ठणका लागला, तर तो ठणका आपल्याला पाय टेकू देत नाही आणि जखम भरते. तेवढ्यापुरतं दुखणं आपल्या कामाचं असतं. पण बराच काळ कळ येत राहिली की नसा आणि मेंदू जास्तच सावध होतात. रानडुकरांनी एकदा चण्याचं वावर उकरलं की नंतर जागलीवरचा माणूस पान हललं तरी बॅटरी घेऊन उठतो, तसं. इजा भरून आलेली असते, तरी साध्या वाकण्यालाही शरीर धोका समजतं.

म्हणजे दुखणं मनाचं आहे, असंच ना?

नाही. दुखणं खरं असतं, तुम्हाला जितकं वाटतं तितकंच असतं. झोप, काळजी, कर्ज, घरातली भांडणं यांनी ते वाढतं किंवा कमी होतं, कारण दुखण्याचा अर्थ लावणारा मेंदू आणि काळजी करणारा मेंदू एकच आहे. ‘नाटक करते’ हे वाक्य ज्या बाईने वर्षानुवर्षं ऐकलं आहे, तिला गटात पहिल्यांदा कुणी मान हलवून ‘हो, होतं तसं’ म्हणतं. अनेकींना त्यानंतर बोलताच येत नाही, नुसतं रडू येतं. अशा वेळी घाई करायची नाही.

डॉक्टर म्हणाले मणक्यात गॅप आहे. गटात बसून तो गॅप भरणार आहे का?

भरणार नाही, आणि बऱ्याचदा भरायची गरजही नसते. ज्यांची पाठ दुखत नव्हती अशा ३,११० लोकांची मणक्याची चित्रं २०१५ साली ३३ अभ्यासांतून एकत्र करून पाहिली गेली. त्यात दोन मणक्यांमधली गादी झिजलेली दिसली ती विशीतल्या ३७ टक्के लोकांत, पन्नाशीतल्या ८० टक्के लोकांत आणि ऐंशीतल्या ९६ टक्के लोकांत. म्हणजे वयाबरोबर केस पिकतात तशी गादीही झिजते, आणि चित्रात झीज दिसली म्हणून दुखणं तिच्यामुळेच आहे असं होत नाही. ‘गॅप’ हा शब्द ऐकून माणूस वाकणं सोडतो, उठणं-बसणं सोडतो, पट्टा बांधून खाटेवर पडतो. त्याने स्नायू सुटतात आणि दुखणं वाढतं. पायात ताकद कमी होत असेल तर मात्र गोष्ट वेगळी. ते पुढच्या उत्तरात पाहा.

गटात यायच्या आधी तपासणी लागते का?

लागते. एकदा नीट तपासून घेतल्याशिवाय ‘दुखण्यासोबत जगा’ असं कुणालाही सांगू नये, आणि कुणी सांगितलं तर ऐकूही नये.

ही लक्षणं असतील तर आधी दवाखाना: पाठदुखीसोबत संध्याकाळचा ताप, वजन घटणं, रात्री झोपेतून उठवणारी कळ, पडल्यानंतर सुरू झालेलं दुखणं, पूर्वी कॅन्सर झालेला असणं. पायात जोर न राहणं, लघवी किंवा संडासवरचा ताबा जाणं, बसायच्या जागेला बधिरपणा येणं यात तर त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात जायचं. गाडी नसेल तर १०८ ला फोन करा.

आपल्या भागात तीन गोष्टी खास डोक्यात ठेवाव्या लागतात.

पहिली, मणक्याचा टीबी. ‘कंबर धरली’ म्हणून महिनोन्‌महिने तेल चोळलं जातं आणि आत मणका खचत जातो. सरकारी दवाखान्यात तपासणी आणि औषधं दोन्ही मोफत आहेत.

दुसरी, सिकलसेल, म्हणजे आईबापांकडून येणारा रक्ताचा आजार. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर या पट्ट्यात हा आजार बराच आहे. सांधे, हाडं, पोट यांत अचानक उठणारी भयंकर कळ ही त्याची ओळख. रक्ताची साधी चाचणी करून घ्या. ज्यांना सिकलसेल आहे तेही गटात येऊ शकतात, पण त्यांचे नियम वेगळे: पाणी भरपूर, थंडीपासून जपणं, हायड्रॉक्सियुरिया ही सिकलसेलची गोळी सुरू असेल तर चुकवायची नाही. ताप, छातीत दुखणं किंवा दम लागणं यांसह कळ उठली तर गटात शिकलेलं काही करत बसू नये, सरळ दवाखान्यात जावं. मांडीच्या सांध्यात सतत दुखत असेल तर एक्स-रे काढावा. या आजारात खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटू शकतो.

तिसरी, पाण्यातलं फ्लोराइड. यवतमाळ आणि चंद्रपूर जिल्ह्यांतल्या काही गावांत बोअरवेलच्या पाण्यात ते जास्त आहे. वर्षानुवर्षं ते पाणी प्यायल्यावर कंबर आणि सांधे ताठरतात. एकाच हातपंपावर पाणी भरणाऱ्या कितीतरी घरांत पाठी आखडलेल्या असतील आणि पोरांच्या दातांवर पिवळे-तपकिरी डाग असतील, तर ग्रामपंचायतीकडून पाणी तपासून घ्या. मर्यादा लिटरमागे १.५ मिलिग्रॅमची आहे. पाणी उकळून फ्लोराइड जात नाही. इथे माणसाला व्यायाम शिकवण्याआधी गावाला दुसरं पाणी मिळायला हवं, आणि गटाने ती मागणी ग्रामसभेत मांडावी.

बैठकीत करतात तरी काय? नुसत्या गप्पा?

गप्पा असतात, पण त्यांना दिशा असते. प्रत्येक आठवड्याला एक विषय: दुखणं कसं काम करतं, काम आणि आराम यांचा मेळ, हालचाल, झोप, गोळ्या, घरच्यांशी आणि डॉक्टरांशी बोलणं. थोडी हालचाल एकत्र केली जाते, थोडा वेळ डोळे मिटून श्वासाकडे लक्ष दिलं जातं.

पण गटाचा जीव आहे तो आठवड्याच्या बेतात. उठण्याआधी प्रत्येक जण एक बेत सांगतो. बेत स्वतःला करावासा वाटणारा हवा, डॉक्टरने किंवा सुनेने सांगितलेला नको. आणि तो नेमका हवा: काय करणार, किती, कधी, आठवड्यातून किती दिवस. ‘जरा चालत जाईन’ हा बेत झाला नाही. ‘सोमवार, बुधवार, शुक्रवार, चहा झाल्यावर मारुतीच्या देवळापर्यंत जाऊन येईन’ हा झाला. मग विचारायचं, दहापैकी किती खात्री आहे? ज्यांना आकड्यांची सवय नाही त्यांच्यासमोर तुरीचे दहा दाणे ठेवायचे आणि खात्री आहे तेवढे उचलायला सांगायचे. सातपेक्षा कमी उचलले तर बेत लहान करायचा: देवळाऐवजी हातपंपापर्यंत, तीन दिवसांऐवजी दोन.

पुढच्या बैठकीत पहिला विषय हाच. ज्याचा बेत जमला नाही त्याला कुणी बोल लावत नाही. काय आडवं आलं ते तो सांगतो आणि बाकीचे उपाय सुचवतात. शिकवणाऱ्याने आधी तोंड उघडायचं नाही. पाण्याचा भरलेला गुंड एका खेपेऐवजी अर्धा अर्धा दोन खेपांत आणावा, चुलीसमोर उकिडवं बसण्याऐवजी पाट घ्यावा, असल्या गोष्टी शेजारणीकडून आल्या तर त्या घरी जाऊन अमलात येतात.

‘थांबत थांबत काम करा’ म्हणता. हात थांबला तर मजुरी कोण देईल?

हा प्रश्न विचारणाऱ्या माणसाचं बरोबर आहे.

शहरातल्या माहितीपत्रकांत लिहिलेलं असतं की दिवसाचं नियोजन करा, अर्ध्या तासाने उठा, थोडं फिरून या. ज्याचा दिवस त्याच्या ताब्यात आहे त्याच्यासाठी ते ठीक आहे. निंदणाला गेलेल्या बाईचा दिवस तिचा नसतो. बाया ओळीने पात धरतात आणि सगळ्यांनी सोबत पुढे सरकायचं असतं. एक मागे राहिली की मालक बोलतो, आणि सोबतिणीही बोलतात. कापूस वेचणीत मजुरी किलोवर, म्हणजे हात थांबला की पैसे थांबले. धानाच्या पट्ट्यात रोवणी गुत्त्याने, म्हणजे ठेक्याने घेतलेली असते आणि पैसे सगळ्यांत वाटले जातात, त्यामुळे एकीचा आराम दुसरीच्या खांद्यावर पडतो.

म्हणून होतं असं: बाई दोन दिवस दात आवळून काम करते, तिसऱ्या दिवशी उठूच शकत नाही, गोळी घेऊन पडून राहते, चौथ्या दिवशी बुडालेली मजुरी भरून काढायला दुप्पट राबते. हे चक्र चालू राहतं आणि दर वेळी पडून राहायचे दिवस वाढत जातात. महिन्याचा हिशेब मांडला तर बुडालेल्या रोजीचे पैसे मधल्या थांबण्याने गेले असते त्याहून बऱ्याचदा जास्त निघतात. हा हिशेब गटात खडूने जमिनीवर मांडून पाहावा. आम्हाला वाटतं की दुखण्याच्या शास्त्रापेक्षा तो लवकर पटतो.

मग करायचं काय? आपली मर्यादा दुखणं चढायच्या आधी ओळखायची. वाकून किती वेळ काम केलं की कळ चढायला लागते ते दोन-तीन दिवस बघायचं आणि त्याच्या थोडं अलीकडे उभं राहायचं. कळ असो वा नसो, उभं राहायचंच. वावरात घड्याळ नसतं, म्हणून तास, म्हणजे पिकाच्या ओळी मोजायच्या: दर ओळीच्या शेवटी धुऱ्यावर पोचलं की पाठ सरळ, हात वर, चार श्वास. याला एक मिनिटही लागत नाही. वेचणीत फडकं पूर्ण भरेपर्यंत कमरेला ओढत राहू नये, अर्ध्यावर रिकामं करावं. रोवणीत पऱ्हे (धानाची रोपं) काढणं, पेंढ्या वाहणं आणि चिखलात वाकून लावणं ही तीन वेगळी कामं आहेत. ती दिवसभर एकीकडेच न ठेवता आलटून पालटून घ्यावीत. फवारणीचा पंप पूर्ण भरून पाठीवर घेण्याऐवजी कमी भरावा, फेरी एखादी जास्त होईल.

आता यातलं एकटीने करण्यासारखं किती आहे? फार थोडं. पात थांबवायची तर सगळ्या पातीने थांबावं लागतं. कामांची अदलाबदल करायची तर गुत्ता घेणाऱ्या सगळ्या बाया राजी लागतात. म्हणून आमचा आग्रह असा की शक्यतो एकाच मजूर टोळीतल्या बायांना एकाच गटात घ्या. सगळ्याच धुऱ्यावर पाठ सरळ करत असतील तर एकीकडे बोट दाखवायला कुणी उरत नाही. ज्यांना अजून दुखत नाही त्यांचाही त्यात फायदा आहे.

मजुरीचा दर, वजनाचा काटा, सावलीची सोय यांवर मालकाशी बोलणं हेसुद्धा गटाचं कामच आहे. दुखणं सांभाळण्याची सगळी जबाबदारी दुखणाऱ्या माणसावर टाकून मोकळं होणं आम्हाला मान्य नाही.

दिवसभर वावरात राबतो, मग वेगळा व्यायाम कायले?

कारण वावरातलं काम शरीराला तासन्‌तास एकाच बाजूला वाकवतं आणि मधे सावरायला वेळ देत नाही. व्यायामात उलट बाजूची, वेगवेगळी, आपल्या मर्जीने थांबवता येणारी हालचाल असते. खाटेवरून हात न टेकता उठणं-बसणं, भिंतीला हात लावून रेटणं, उताणं झोपून गुडघे छातीशी घेणं, सायंकाळचं चालणं. अमुकच प्रकार हवा असं नाही. जो रोज होईल तो चांगला. दोनदा करून जमलं तर तीनदा, यापेक्षा वेगाने वाढवू नये. पहिले काही दिवस थोडं जास्त दुखेल, त्याने इजा होत नसते.

गुरुदेव सेवा मंडळाची सामुदायिक प्रार्थना ज्या गावांत होते तिथे माणसं एरवीही सायंकाळी एकत्र येतात. प्रार्थनेनंतर दहा मिनिटं हालचाल ठेवली तर वेगळी वेळ काढावी लागत नाही. आरोग्यवर्धिनी केंद्रात योगाचे वर्ग होत असतील तर तेही चालतील.

गोळ्या बंद करायच्या का?

गट कुणाचीही गोळी बंद करत नाही. ते डॉक्टरांचं काम आहे. पण गोळ्यांबद्दल मोकळं बोलणं फार गरजेचं आहे.

डायक्लोफेनॅक, असेक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन या गोळ्या चार दिवसांच्या ठणक्याला ठीक असतात. महिनोन्‌महिने घेतल्या तर पोटात जखम होऊ शकते, बीपी वाढू शकतो, किडनी खराब होऊ शकते. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४५ च्या वर जातो. घामाने शरीर कोरडं पडलेलं असताना याच गोळ्या किडनीला जास्त घातक ठरतात. संडास काळी डांबरासारखी झाली तर ताबडतोब दवाखाना. इंग्लंडच्या ‘नाइस’ या संस्थेच्या २०२१ च्या मार्गदर्शनात, ज्या जुनाट दुखण्यामागे दुसरा आजार सापडत नाही, त्यासाठी या वेदनाशामक गोळ्या, पॅरासिटामॉलसुद्धा, नव्याने सुरू करू नयेत असं सांगितलं आहे. आमवात, मधुमेहाने नसांना आलेली जळजळ यांची औषधं वेगळी असतात, ती नियमाने घ्यावी लागतात.

सगळ्यात जास्त भीती वाटते ती बाजारात मिळणाऱ्या पुडीची. ‘आयुर्वेदिक आहे, दोन दिवसांत गुडघा मोकळा’ असं सांगून विकतात. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं असल्याची प्रकरणं झालेली आहेत. आराम खरंच पडतो, आणि मग चेहरा सुजतो, वजन आणि साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात. बऱ्याच दिवसांपासून घेत असाल तर एकदम बंद करू नका, त्यानेही जिवाला धोका होतो. पुडी सोबत घेऊन डॉक्टरांना दाखवा. गावोगाव मिळणाऱ्या ‘ताकदीच्या’ सुईबद्दलही एकच सांगणं: नाव विचारा, लिहून घ्या.

मधेच दुखणं भडकलं तर?

भडकणार, हे धरून चालायचं. चांगल्या दिवसांतच एक कागद तयार ठेवायचा: भडकल्यावर कोणती कामं सोडायची, कोणती थोडी थोडी चालू ठेवायची, कुणाला हाक मारायची, शेक कशाने घ्यायचा. पूर्ण पडून राहणं एक-दोन दिवसांच्या वर नेऊ नये. दुखण्याची जात नेहमीपेक्षा वेगळी वाटली तर गट थांबवा आणि तपासून घ्या.

घरचे लोक समजून घेत नाहीत.

एका बैठकीला घरच्यांना बोलवा. सासू, नवरा, मोठी पोरगी, जे येतील ते. सासूची स्वतःची कंबर वीस वर्षं दुखत असते आणि तिला कुणी विचारलेलं नसतं, म्हणून ती सुनेचं दुखणं मानत नाही. तिलाही बोलू द्या. घरच्यांना एवढंच मागायचं: सगळं काम हातातून काढून घेऊ नका आणि टोमणेही मारू नका. ‘आज काय जमेल?’ एवढं विचारलं तरी पुष्कळ.

पुरुष येतात का?

कमी येतात. दुखतं म्हणणं पुरुषाला जड जातं, आणि बरेच जण ते दारूत किंवा तंबाखू-सुपारीच्या खर्र्यात दाबतात. दारूने झोप मोडते, आणि वेदनाशामक गोळ्यांसोबत ती पोटातून रक्तस्राव घडवू शकते. ट्रॅक्टर चालवणारे, हमाली करणारे, पंप पाठीवर घेणारे यांचा वेगळा गट, रात्री जेवणानंतर, पारावर घेतला तर माणसं टिकतात.

दुखण्याला कंटाळून जीव नकोसा होतो.

हे गटात किंवा गटाबाहेर कुणी बोललं, तर ते खरं मानायचं. विषय बदलायचा नाही, ‘असं बोलू नये’ म्हणून गप्प करायचं नाही. सरळ विचारायचं: जीव द्यायचा विचार येतो का? विचारल्याने विचार वाढत नाही. त्या माणसाला एकटं सोडू नका. घरातलं कीटकनाशक त्याच दिवशी दुसरीकडे हलवा किंवा कुलपात ठेवा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास मोफत आहे, मराठीतही बोलता येतं. जिल्हा रुग्णालयात मानसिक आरोग्याचा विभाग असतो. जिवाला आत्ता धोका असेल तर १०८. जुन्या दुखण्यासोबत उदासपणा येणं फार सर्रास आहे आणि त्यावर उपचार आहेत.

खरंच फायदा होतो का, की नुसता धीर?

जेवढं खरं आहे तेवढंच सांगतो. इंग्लंडमध्ये ७०३ लोकांवर अशा गटाची नीट चाचणी झाली आणि तिचे निकाल २०१६ मध्ये आले. वर्षभरानंतर दुखण्यामुळे होणाऱ्या अडचणींत गटात आलेल्या आणि न आलेल्यांमध्ये फरक दिसला नाही. पण उदासपणा कमी झाला होता आणि लोकांमध्ये मिसळणं वाढलं होतं. म्हणून ‘गटात या, दुखणं जाईल’ असं सांगून कुणालाही बोलावू नका. आमच्या मते, एकटी पडलेली बाई पुन्हा हळदीकुंकवाला जायला लागली, रात्री थोडी झोपली, पोराच्या शाळेत पालकसभेला जाऊन आली, तर एवढ्यासाठीही गट चालवण्यासारखा आहे.

गट कोण चालवेल, कुठे आणि कोणत्या महिन्यात?

आशाताई, आरोग्यवर्धिनीतल्या समुदाय आरोग्य अधिकारी, उमेदच्या बचत गटातली एखादी बोलकी बाई, आणि सोबत स्वतः दुखणं सोसणारं कुणी. सुरुवातीला फिजिओथेरपिस्ट एक-दोनदा येऊन गेले तर चांगलंच. जागा अंगणवाडी किंवा समाजमंदिर, पण अशी की गुडघे दुखणाऱ्याला पायऱ्या चढाव्या लागू नयेत, आणि गावातल्या कुठल्याच वस्तीतल्या माणसाला तिथे यायला संकोच वाटू नये. दोन-चार खुर्च्या हव्यातच, जमिनीवर बसणं सगळ्यांना जमत नाही.

हंगाम पाहून लावा. धानाच्या पट्ट्यात रोवणी आटोपल्यापासून कापणीपर्यंतचे आठवडे सोयीचे. कापूस-सोयाबीनच्या पट्ट्यात वेचणी संपल्यावर, होळीच्या आसपास. जंगलालगतच्या गावांत मोहफूल आणि तेंदूपत्त्याचे दिवस टाळा, त्या दिवसांत पहाटेपासून कुणी घरी नसतं.

सहा आठवडे झाल्यावर काय?

महिन्यातून एकदा भेटत राहा, बचत गटाच्या बैठकीला जोडूनही चालेल. ज्यांना बोलायला जमतं अशा दोघींना पुढचा गट चालवायला तयार करा. पहिल्या वेळी त्यांनी फक्त बेत विचारण्याचा भाग घ्यावा, दुसऱ्या वेळी अर्धी बैठक. शेजारच्या गावातून विचारणा आली की त्यांनाच पाठवा, आणि जाण्या-येण्याचं भाडं व बुडालेली रोजी कोण देणार हे आधी ठरवून घ्या.